दाखल क्रमांक २२१४

मुखपृष्ठ गेलंय. पुठ्ठ्यावर मी निळ्या शाईनं
नाव लिहिलं होतं, तेही हातांच्या घामानं पुसलं.
आता निलंग्यात त्याला कुणी नावानं मागत नाही.
"ते जगायचं पुस्तक आहे का?" म्हणतात,
आणि मी रजिस्टर न उघडताच सांगतो, बाहेर आहे.

गोष्ट एवढीच. जग बुडतं,
कशानं, ते लेखकालाही माहीत नसावं.
एक गडी उरतो डोंगरातल्या भुयारात,
त्याच्याकडे चाकू, मीठ, अडीचशे काड्या
आणि पानोपानी स्वतःचं कौतुक.

यल्लप्पा धोत्रे, विहिरी फोडण्यात हयात गेलेला,
चौऱ्याऐंशी पानावर अडला.
"काय करलालाय ह्यो? एकटा? तीन दिवसांत चाळीस फूट?
अन् खालचा गाळ वर कोण ओढलं, ह्याचा बाप?"
पुस्तक टेबलावर आपटलं, धूळ उडाली.
दारापर्यंत गेला, परत वळला:
"दुसरा भाग निघालाय का ह्याचा?"

मुनीर कंपाउंडरचं म्हणणं, मांडीची तसली जखम
चुलीच्या राखेनं भरत नसते.
आठव्या दिवशी धनुर्वातानं गेला असता,
शंभर पानांत आटोपलं असतं, कागद वाचला असता.
हे सांगायला तो रात्री साडेनऊला माझ्या घरी आला.
लांडगे भुयाराच्या तोंडाशी आले होते
आणि दवाखान्यात नेमका पेशंट.
आता एकट्यानं पुढं वाचवत नव्हतं.

बिराजदार बाई गणिताच्या.
त्यांनी समासात पेन्सिलनं काड्यांचा हिशेब मांडलाय:
पान साठ, शिल्लक एकशे नव्वद.
पान एकोणऐंशी, शिल्लक दोनशे दहा.
खाली रेघ, आणि प्रश्न: हातचा कुठून आला?
त्याच अक्षरात, पण बारीक,
थंडीच्या प्रकरणाशेजारी:
हे दोनदा वाचलं.

सुभद्रा हत्ते हिनं पुस्तक अकरा आठवडे ठेवलं.
त्र्याण्णव साली ती सहा वर्षांची होती,
विसर्जनाच्या त्या पहाटे माळवद अंगावर आलं,
दुपारी काढली तिला.
ती आपणहून कधी बोलत नाही त्यावर.
पुस्तक परत करताना म्हणाली,
"ढिगाऱ्याखाली माणूस शूर नसतो, सर.
हाका मारतो.
ह्यानं तीनशे पानांत एकदाही कुणाला हाक मारली नाही."
मी दंडाच्या रकान्यात काहीच लिहिलं नाही.
ती जाताजाता थांबली.
"कुत्रं परत येतं तिथं मात्र रडले."

ग्रंथ समितीत तात्या म्हणाले, बाद करा हे.
भाषा बघा! एका पानात चार वेळा "अचानक".
खरं आहे, मीच मोजलेत, पाच आहेत.
बाद यादीवर मी ते लिहिलं,
यादी सहीला पाठवायची राहिली.
दोन वर्षं राहिलीय.

आणि हे तर मी कुणाला सांगितलंच नाही.
पोळ्याच्या आधी घर झाडताना
पलंगाखाली पत्र्याची पेटी सापडली, महानंदाची.
आत मीठ, सुतळी, मेणात बुडवलेल्या काड्या, टॉर्च,
बाराव्या पानावरची यादी, जशीच्या तशी.
आणि यादीत नसलेलं:
चार ताटल्या, भाऊजींच्या बीपीच्या गोळ्या,
समोरच्या काशीबाईंचा जुना चष्मा,
एक पत्त्यांचा जोड.

मी म्हटलं, पुस्तकात हे कुठंय?
ती भाकरी थापतच होती.
"त्याला कुणी नसंल बिचाऱ्याला," म्हणाली,
"एकट्याचीच यादी केली त्यानं."

काल पुस्तक आलं परत. एकशे तीस पानावर
शेंगाच्या चटणीचा तेलकट डाग, नवा.
रात्री लाईट गेली. मी चौथ्यांदा उघडलं,
लांडगे येणार हे माहीत होतं,
तो मरत नाही हेही,
इतका वाईट लिहिलेला माणूस सहजी मरत नाही.
पेटीतला टॉर्च काढला.

"वाचा," अंधारातून आवाज आला,
"पण सेल संपवू नका.
आणि झाल्यावर जागच्या जागी ठेवा."